अडीच फुटांच्या रुळांवरचे रूप

बारामतीत 'छोटी गाडी' म्हटले की जुन्या माणसांना वेगळे काही सांगावे लागत नाही. १९१४ साली दौंड ते बारामती अशी सुमारे ४४ किलोमीटरची नॅरोगेज लाइन सुरू झाली. दोन रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट. त्याआधी १८८५ मध्ये नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले होते, ऊस वाढला होता, गुळाची पेठ उभी राहत होती. या मुलखाला मुख्य लाइनशी जोडणारी गाडी हवीच होती. पुढे लाइन ब्रॉडगेज झाली आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली. आज तिचा विषय निघाला की बोलणे हमखास तिच्या वेगावर येते. ती दिसायची कशी, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मला ही उणीव वाटते. जुन्या इंजिनांची रूपे विचारपूर्वक पाहण्यासारखी आहेत. यंत्र देखणे असू शकते ही जाणीव माणसाला एका दिवसात झालेली नाही, आणि तिचा एक मोठा टप्पा आपल्या शेजारी, कुर्डुवाडी-बार्शीच्या माळावर घडला आहे.

या भागात आगगाडी आली ती १८५८ च्या डिसेंबरात. मुंबई–ठाणे गाडी धावल्यावर पाच वर्षांत पुण्याहून निघालेले रूळ भीमेकाठच्या डिकसळपर्यंत, म्हणजे आजच्या इंदापूर तालुक्यात पोचले. सुरुवातीच्या त्या काळात लोक इंजिनाला 'चाक्या म्हसोबा' म्हणत. या नावात भीती आहे, पण आपलेपणाही आहे. म्हसोबाला शेंदूर लावावा, नारळ फोडावा, वाटेत आडवे जाऊ नये. त्याच्या नाकीडोळी देखणेपणाची चर्चा कोणी करत नाही. इंग्लंडमध्येही फारसे वेगळे नव्हते. कलासमीक्षक रस्किनला रेल्वेचा तिटकारा होता. टर्नरने १८४४ मध्ये पावसातून येणाऱ्या गाडीचे जगप्रसिद्ध चित्र काढले, पण त्यातही इंजिन म्हणजे धुक्यातला एक काळा डाग आणि थोडा जाळ. चित्रकाराला वेग दिसला, वाफ दिसली. आकार दिसायला अजून अवकाश होता.

आकार आधी दिसला तो कारखान्यातल्या लोकांना, आणि तोही चुकीच्या समजुतींना धक्के बसत बसत. सुरुवातीच्या अभियंत्यांची ठाम समजूत होती की बॉयलर जितका खाली तितके इंजिन स्थिर, वर गेला की ते कलंडणार. म्हणून १८५० च्या आसपासची इंजिने बघा: बारीक, लांबट बॉयलर, त्यावर उंच धुराडे. काहींची मोठी चाके तर बॉयलर खाली राहावा म्हणून पार मागे नेलेली. पुढे कळले की बॉयलर वर चढवला तरी इंजिन पडत नाही, उलट चाल सुधारते. मग बॉयलर चढला, जाड झाला. पण पूल आणि बोगदे होते तेवढ्याच उंचीचे राहिले. त्यामुळे धुराडे आखूड झाले आणि वाफेचा घुमट दबला. १८५३ चे इंजिन आणि १९३० चे इंजिन यांचे फोटो शेजारी ठेवले तर ऐंशी वर्षांचा हा वाद नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. त्या घुमटालाही कारण आहे. कोरडी वाफ पाण्यापासून दूर, बॉयलरच्या सर्वांत उंच जागी मिळते, म्हणून तो तिथे. शोभेसाठी त्याला कोणी डोक्यावर बसवलेले नाही.

आता बार्शीकडे वळतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत आला. त्याच्या डोक्यात एक हिशोब पक्का होता. गरीब मुलखात रेल्वे परवडायची असेल तर रूळ हलके हवेत, आणि रूळ हलके ठेवायचे तर कोणत्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, मग ते इंजिन असो की मालडबा. हे पटवून देण्यासाठी त्याने १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून प्रात्यक्षिक मांडले आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. रूळ दर यार्डाला अवघे तीस पौंडांचे.

या एका अटीतून इंजिनाचे अख्खे रूप निघाले. लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना पुढे दांड्यांनी जोडलेली आठ छोटी चाके आणि मागे आणखी चार. ओढायला जोर हवा, जोरासाठी चाकांवर वजन हवे, पण एका जोडीवर पाच टनांची मर्यादा. म्हणून वजन चार जोड्यांत वाटले. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना, म्हणजे पाण्याचे ओझेही चाकांची पकड वाढवायच्या कामी येते. कोळसा ड्रायव्हरच्या पाठीमागे, आणि त्या मागच्या भाराखाली ती चार चाके. कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. लांब, बुटके, जमिनीलगत आणि तरीही रुंद खांद्यांचे असे ते इंजिन दिसते. त्यातली कुठलीही रेघ काढून टाका, काहीतरी अडेल. माझ्या लेखी ही भारतातल्या सर्वांत सुंदर इंजिनांपैकी एक घडण आहे, आणि हे मी भाबडेपणाने म्हणत नाही.

योगायोग असा की त्याच १८९६ साली शिकागोचा वास्तुकार लुई सलिव्हन याने उंच इमारतींवरच्या लेखात मांडले की रूप कामाच्या मागोमाग येते. पुढच्या शतकातल्या आधुनिक वास्तुकलेने ते वाक्य डोक्यावर घेतले. कॅलथ्रॉपने असे सूत्र मांडले नाही, इंजिन बांधले. हा माणूस अरबी घोड्यांचा मोठा शौकीन होता, घोड्यांवर त्याने १९२० मध्ये पुस्तकही लिहिले. बांधा, पाय आणि चाल यांचा मेळ बघणारी नजर त्याच्याकडे आधीच होती, असे मला वाटते.

त्या रूपाने उलटा प्रवासही केला. स्टॅफर्डशरमध्ये १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाइन झाली, तिचा अभियंता कॅलथ्रॉपच. तिथली इंजिने पुढच्या भल्यामोठ्या दिव्यासकट हिंदुस्थानी वळणाची होती. इंग्लंडच्या हिरव्या दरीत बार्शीच्या माळाचा चेहरा! आपल्याकडे रेल्वे इंग्रजांनी आणली हे सगळे सांगतात, इथला मुलूख, इथला खर्च आणि इथली गरज यांनी त्यांच्या इंजिनांना काय आकार दिला हे फारसे कोणी सांगत नाही. बार्शी लाइनच्या बांधणीतही आपली माणसे होती. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या वालचंद हिराचंदांनी फाटक नावाच्या भागीदाराबरोबर कंत्राटदारीची सुरुवात केली ती याच रेल्वेच्या एका लहानशा तुकड्यापासून. १९०६ मध्ये लाइन पंढरपूरला पोचली. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूरमार्गे पायी जाते. ज्यांचे पाय साथ देत नव्हते, त्यांना कुर्डुवाडीहून छोटी गाडी होती.

इथपर्यंतचा विचार सरळ आहे: काम चोख, म्हणून रूप चोख. पण १९४७ चे डब्ल्यूपी इंजिन हा विचार अडवते. अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून त्याची पहिली इंजिने आली, आणि पुढे अशी एकूण ७५५ झाली. त्याच्या तोंडावर बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार नाक आणि नाकावर तारा. १९३० च्या दशकात जगभर गाड्यांना वारा कापणारी रूपे देण्याची लाट आली होती, तिचा हा आपल्याकडचा वारसा. त्या नाकाने आपल्या मेलगाड्यांच्या वेगात काही भर पडली असेल असे मला वाटत नाही. तरी ते नाक बघून पोरांची एक पिढी वेडी झाली, आणि मीही ते नाकारणार नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला पुढे झेपावणारे तोंड हवे होते, ते त्याला मिळाले. म्हणजे रूपाला कामाखेरीज आणखी एक धनी असतो, माणसाची इच्छा. हे मान्य करूनही माझा कौल बार्शीच्या इंजिनालाच आहे. डब्ल्यूपीचे नाक काढून ठेवले तरी इंजिन चालते. बार्शीच्या इंजिनातले काय काढून ठेवणार?

६ डिसेंबर १९९५ रोजी ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी धावली. त्याच्या आदल्या वर्षी विदर्भातल्या 'शकुंतला' या छोट्या गाडीचे १९२१ चे मँचेस्टरी इंजिन जाऊन डिझेल आले होते. गाडी गेली की माया येते, आणि इंजिनांवरचे आजचे बहुतेक लेखन या मायेचे आहे. ती खरीच आहे, पण तेवढ्यावर थांबले की सगळी इंजिने सारखीच गोड दिसू लागतात. मग चौथऱ्यावर ठेवलेल्या इंजिनाला भडक ऑइलपेंट फासला जातो, दांड्या आणि चाके एका रंगात बुडतात, आणि कोणता भाग काय करतो हे कळायची वाटच बंद होते. जपणूक म्हणजे रूप वाचता येईल असे ठेवणे. कॅलथ्रॉपनेच आखलेली माथेरानची इंजिने बघताना चाकांकडे बघा. तीव्र वळणावर ती बाजूला सरकतील अशी त्यांची रचना आहे. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊ जोशींचे १९९८ पासूनचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे मुलांना न्या आणि धावत्या गाड्यांबरोबर इंजिनांच्या दांड्या, धुराडी आणि घुमटही दाखवा.

लीक अँड मॅनिफोल्ड १९३४ मध्ये बंद पडली. तीस वर्षांची ती लाइन तिथल्या लोकांनी पायवाट करून राखली. आपली दौंड–बारामती त्याहून कितीतरी जास्त वर्षे चालली. इथल्या अनेक घरांच्या अल्बमांत छोट्या गाडीसमोर उभे राहून काढलेले फोटो नक्की असतील. त्यातल्या माणसांच्या मागे चाके, सिलिंडर, धुराडे, डब्याची पायरी, काहीतरी दिसत असेलच. ते फोटो बाहेर काढा, मागे साल आणि स्टेशन लिहा, एक प्रत शाळेला किंवा ग्रंथालयाला द्या. त्या गाडीवर काम केलेले कोणी घरात असेल तर कोणता भाग कुठे होता हे त्यांच्याकडून कागदावर काढून घ्या, आणि हे याच वर्षी करा.