रत्नघासणी आणि जीवदया

आपण मुंगीला जपतो, पाणी गाळून पितो. परंतु हातातील मणी कोणाच्या श्वासावर घडला, हे क्वचितच पाहतो. गुजरातेत खंभात येथे राजपीपळ्याजवळच्या रतनपूरचा अकीक शतकानुशतके घडविला जातो. प्रथम तो भाजतात, म्हणजे रंग खुलतो. मग लोखंडी टोकावर टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याचे कपचे काढतात. शेवटी फिरत्या चाकावर घासतात. कठीणास त्याहून कठीणच झिजविते: मोह्ज यांच्या १८१२ च्या मापाने अकीक ७ च्या आसपास, तर घासणारा कुरुंद ९.

हे काम पुष्कळदा राहत्या घरीच चालते. कोरड्या घासणीत उडालेली सिलिकेची सूक्ष्म धूळ फुप्फुसात रुतते व सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. ज्यांनी दगडास हातही लावला नाही, ती मुलेबाळे व शेजारीही तीच हवा घेतात. चाकावर पाणी सोडले, धूळ ओढणारा पंखा बसविला, तर ती बरीच आवरते. मात्र त्यास खर्च पडतो, आणि स्वस्त मणी मागणारे आपणच असतो.

म्हणून मणी घेताना तो ओला घासला की कोरडा, हे अवश्य विचारावे, आणि ओल्या घासणीचे दोन पैसे अधिक आनंदाने द्यावेत. हाही अहिंसेचाच आचार होय.