पहिला मसुदा मुलाचाच असावा

2022 च्या दहावी-बारावीच्या परीक्षेत राज्य मंडळानं मोठ्या पेपरांना 30 आणि लहान पेपरांना 15 मिनिटं वाढवून दिली. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली आणि मुलांचा लिहिण्याचा सराव तुटला, हे त्यामागचं कारण. पुढं ती सवलत थांबली, सराव हळूहळू परत आला. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि प्रश्न हाताच्या वेगाचा उरला नाही. मुलानं लिहायचं तरी कशासाठी, असा तो झाला.

अशा साधनांचं मोल मला मान्य आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते शिक्षण मूठभरांच्या हाती राहू नये म्हणून. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, तेही त्याच वाटेवरचं काम. आज कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीतल्या एखाद्या मुलीचे वडील गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर असतात, शिकवणी परवडत नाही; तिला अडलेलं गणित रात्री दहा वाजता मोबाइल समजावून सांगतो. हे थोडं नाही.

पण तिला ‘माझे गाव’ हा निबंध आला, की तोच मोबाइल काय देतो? झुळझुळ वाहणारी नदी, देवळातला घंटानाद, हिरवीगार शेतं, प्रेमळ माणसं. शुद्धलेखन चोख, आणि गाव कुठलंच नाही. तिच्या गावाला लागून उजळाईवाडीचा विमानतळ आहे; त्याच्या विस्तारासाठी गावातली जमीन गेली आहे. हुपरीच्या रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, शेजारी गांधीनगरची कापडपेठ आहे. विमान बघायला तिला आवडतं आणि जमिनीचा विषय घरात निघाला की आवाज चढतात. या दोन्ही गोष्टी एका निबंधात कशा बसवायच्या, आधी काय सांगायचं, आपलं मत काय, हे ठरवताना तिची जी ओढाताण होईल, तेच शिक्षण. ती ओढाताण यंत्रानं उरकली, तर हाती नुसता निबंध राहतो.

तयार उत्तरं काही नवी नाहीत. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण गाइडातला निबंध वर्गात सगळ्यांचा एकच असे आणि सरांना तो पहिल्या ओळीत ओळखू येई. आता प्रत्येकाला वेगळा आणि सफाईदार निबंध मिळतो. त्याच्याशेजारी ‘लई’ म्हणणारी आपली भाषा मुलाला कमअस्सल वाटू लागते. आपल्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, असं बाराव्या वर्षीच मनात बसणं मला कॉपीपेक्षा घातक वाटतं.

मोबाइलवर बंदी घालून हे सुटणार नाही, आणि नुसती लिहायला जागा देऊनही नाही. 2023-24 पासून बालभारतीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं घातली होती. 2025 मध्ये तो निर्णय मागं घ्यावा लागला. अपेक्षित होता तसा त्या पानांचा वापर झाला नाही. जागा दिली म्हणून मूल लिहीत नाही. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचणार आहे, त्यावर दोन प्रश्न विचारणार आहे, ही खात्री असली की ते लिहितं. म्हणून पहिला मसुदा वर्गातच, हातानं, चुकांसकट व्हावा. मग मोबाइल खुशाल घ्यावा: शब्द तपासायला, राहिलेला मुद्दा शोधायला. शेवटी शिक्षकानं वाचून विचारावं, “हे तुला कुणी सांगितलं? जमीन गेली त्या घरी जाऊन विचारलंस का?”

यासाठी शिक्षकाला वेळ हवा, आणि नेमका तोच त्याच्याकडं नाही. डिजिटल कारभारानं त्याच्यामागं पोर्टल, ऑनलाइन माहिती, फोटो, अहवाल लावून दिले आहेत. एकच माहिती पुन्हा पुन्हा भरण्यात त्याचे तास जातात आणि वह्यांवर नुसती सही होते. यंत्राच्या हाती काही सोपवायचंच असेल, तर आधी हे कारकुनी काम सोपवावं. चाळीस वह्या नीट वाचण्याइतका वेळ शिक्षकाला मिळाला, तर मूल आपल्या शब्दांत लिहील, आणि मग मोबाइलला काय विचारायचं हेही त्याला कळेल.