अकरा फोन टेकडीवर

होस्टेलात खऱ्या नावाला फारसा भाव नसतो. पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, 'कुठली गं तू?' आणि जे उत्तर येतं तेच पुढची चार वर्षं चिकटतं. पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अशीच एक लातूर होती, एक हिंगोली होता, एक चिपळूण होता. लातूर कॉम्प्युटरला, शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टचा विषय तिने स्वतःच घेतला होता: मुलं फोन कसा वापरतात त्यावरून त्यांचं मन कसं आहे ते ओळखायचं.

कल्पना हवेतली नव्हती. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात अँड्र्यू कॅम्पबेल यांच्या गटाने २०१३ साली ४८ विद्यार्थ्यांच्या फोनवर १० आठवडे असं ॲप चालवलं होतं. फोन रात्री कधी शांत होतो, सकाळी कधी हातात येतो, मालक दिवसभरात किती हिंडतो, त्याच्या आसपास बोलणं चालू आहे का, हे ते ॲप टिपत होतं. काय बोलतात ते नव्हे; बोलणं आहे की नाही, एवढंच. ज्यांची झोप आणि गप्पा कमी त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त, असा मेळ त्यात दिसला. सत्र जसं पुढे सरकलं आणि डेडलाइनी अंगावर आल्या, तशी सगळ्यांचीच झोप आटत गेली. (हे शोधायला अमेरिका कशाला हवी, असं कुणीही होस्टेलवाला म्हणेल. पण म्हणणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं.)

लातूरने मोजायला घेतलं. साठेक मुलामुलींनी ॲप टाकून घेतलं. सुरुवातीला इंग्रजीतला तीन पानी संमतीचा मजकूर होता. तो सगळ्यांनी आपण नेहमी करतो तसाच खाली सरकवला आणि 'आय ॲग्री' दाबलं. माहिती कॉलेजच्या सर्व्हरवर जाईल आणि 'होस्टेल प्रशासनाला' दिसू शकेल, हे तिसऱ्या पानावर होतं.

मुलांच्या होस्टेलचे रेक्टर आपणहून लॅबमध्ये आले. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने त्याच होस्टेलात जीव दिला होता. पंचनाम्यावर सही यांची होती आणि त्याच्या आईला फोनही यांनीच केला होता. ॲप प्रत्येकाला देत असलेले हिरवा, पिवळा, लाल हे रंग लातूर समजावून सांगू लागली तसं त्यांनी तिला थांबवलं.

"बाकीचं राहू दे गं. मला फक्त लाल यादी दे. दर सोमवारी."

तिने दिली. नाही म्हणावं असं तिला त्यात काही दिसलं नाही.

दुसऱ्याच सोमवारी यादीत हिंगोली होता. पहाटे तीनपर्यंत जागा, दिवसभर खोलीत, बारा दिवसांत घरी एकही फोन नाही. सरांनी त्याला विचारलं नाही. विचारलं आणि त्याने 'काही नाही सर' म्हटलं तर काय, याची त्यांना भीती होती. त्यांनी थेट वडिलांना फोन लावला. वडिलांनी शेजाऱ्याकडून पैसे घेतले, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी सात वाजता ते होस्टेलच्या दारात उभे राहिले. हातात डब्याची पिशवी, डोळे सुजलेले.

पोरगा खचलेला नव्हता, दमलेला होता. सोयाबीनला भाव नव्हता, फीचा हप्ता थकला होता, म्हणून तो रात्री लॅपटॉपवर परदेशी कंपनीचं काम करायचा: रस्त्याच्या फोटोंतल्या गाड्या, सायकली, माणसं यांच्याभोवती चौकटी काढायच्या. घरी फोन केला तर खोटं बोलावं लागलं असतं, म्हणून करत नव्हता. म्हणजे ॲपने टिपलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एकही मोजमाप चुकलं नव्हतं. पण दुपारपर्यंत गावात 'पुण्यातलं पोरगं डोक्यावर परिणाम झाला म्हणून परत आणतायत' असं पसरलं. वडील त्याला घेऊनच गेले. टर्मवर्क बुडालं, रात्रीचं कामही गेलं.

होस्टेलने यातून धडा घेतला, पण सरांना हवा तो नव्हे. पुढच्या सोमवारी यादीत दोन लाल होते, त्याच्या पुढच्या सोमवारी एकही नाही. सर खूश झाले. लातूरही दोन दिवस खूश होती.

मग एका रात्री ती नकाशा उघडून बसली. सकाळी ५ वाजून ५० मिनिटांनी अकरा ठिपके होस्टेलच्या फाटकातून निघाले होते. अकराही एकाच चालीने टेकडी चढले, एकाच वळणावर चार मिनिटं थांबले आणि एकाच वेळी खाली आले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. अकरा मुलं इतकी शिस्तीत चालत असतील तर कॉलेजने त्यांना एनसीसीत घालायला हवं होतं.

तो चिपळूण होता. रोज पळायला जायचाच. आता पाठीवरच्या सॅकमध्ये दहा जणांचे फोन असायचे. भाव ठरलेला: फोनमागे एक वडापाव, परीक्षेच्या दिवसांत दोन. वळणावर तो दम खायला थांबायचा आणि फोन एकमेकांजवळ धरून मोठ्याने गाणी म्हणायचा, म्हणजे बोलण्याच्या खात्यातही भर पडावी.

लातूरला आधी हसू आलं. मग तिने त्या दहांची नावं काढली आणि ती गप्प झाली. यातले काही नुसते आळशी होते. काहींना प्रेमप्रकरण लपवायचं होतं. पण ज्याला खरंच अंथरुणातून उठवत नसेल, त्यानेच सर्वांत आधी फोन चिपळूणच्या हवाली केला असणार. तिच्या पडद्यावर तो रोज सहा हजार पावलं चालत होता, गात होता, हिरवागार होता. यंत्र बसवण्याआधी निदान त्याच्या रूमपार्टनरला शंका तरी आली असती.

ती गाइड मॅडमकडे गेली. मॅडमनी कागद घेतला आणि सरळ हिशेब मांडला. "समज, होस्टेलात चारशे मुलं आहेत आणि त्यातली आठ खरोखर संकटात आहेत. तुझं ॲप दहातले नऊ बरोबर पकडतं आणि धडधाकट मुलांत दहातल्या एकाला उगाच लाल करतं. चांगलंच म्हणायचं. मग लाल किती?"

तिने गुणाकार केला. खरे सात, उगाचचे एकोणचाळीस.

"शेहेचाळीस बापांना रात्रीच्या ट्रॅव्हल्सने बोलावणार?"

मग मॅडमनी तिला ब्रिटनमधली एक गोष्ट सांगितली. समॅरिटन्स ही संस्था १९५३ पासून खचलेल्या माणसांचं फोनवर ऐकून घेते, आणि हे बोलणं बाहेर जात नाही यावर तिची सगळी पत आहे. २९ ऑक्टोबर २०१४ला या संस्थेने ट्विटरसाठी 'रडार' नावाचं एक साधन आणलं. तुम्ही त्यात नाव नोंदवायचं. मग तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची ट्वीट्स ते चाळणार आणि कुणी निराशेचं काही लिहिलं की तुम्हाला ईमेल पाठवणार. ज्याने लिहिलं त्याला याचा पत्ताच नाही. हेतू हाच की मित्राने वेळेवर धावून जावं. पण ट्विटरवर फॉलो करणारे सगळे मित्र नसतात. एखाद्याला छळणाराही त्याला फॉलो करतो, आणि आज हा माणूस सर्वांत दुबळा आहे ही बातमी आता त्याला घरपोच मिळणार होती. सर्वांत जोरात ओरडले ते ज्यांच्यासाठी हे बनवलं तेच लोक, स्वतः मानसिक आजार भोगलेले. आम्ही इथे एकमेकांशी मोकळं बोलतो, तेही आता बंद करायचं का, असं त्यांचं म्हणणं होतं. ७ नोव्हेंबरला संस्थेने ते साधन थांबवलं. दहा दिवसही टिकलं नाही.

"त्यांना कोडिंग येत नव्हतं असं नाही," मॅडम म्हणाल्या. "माहिती कुणाची आणि कळवायची कुणाला, हे आधी ठरवायला हवं होतं. आपल्याकडेही २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानलाय. तू तर रुग्ण नसलेल्यांचीही यादी सोमवारी वाटतेस."

लातूरने सर्व्हर पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नव्या ॲपमध्ये सगळी माहिती फोनमध्येच राहायची. रंग काढले. ॲप निकाल देत नव्हतं, विचारत होतं, तेही मराठीत: 'या आठवड्यात चार रात्री उशीर झाला. कशामुळे?' खाली पर्याय: सबमिशन, काम, मॅच, भांडण, माहीत नाही. सलग दोन आठवडे 'माहीत नाही' आलं, तर डॉक्टर वापरतात ती नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली समोर यायची. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे 'अजिबात नाही' सोडून काहीही दाबलं की बेरजेची वाट न पाहता १४४१६ हा टेली-मानसचा नंबर यायचा. सरकारने २०२२ साली सुरू केलेली ही हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते. त्या नंबरच्या वर एक नाव असायचं. हे नाव ॲप टाकताना, मन ठीक असतानाच, ज्याचं त्याने भरायचं: वाईट दिवस आले तर मी कुणाला सांगेन? नावासमोरचं बटण दाबलं तरच तिकडे निरोप जायचा.

संमतीचा मजकूर आठ ओळींचा केला. हिंगोली दिवाळीनंतर परत आला. त्याने ॲप घेतलं नाही. "एकदा झालं तेवढं पुरे," म्हणाला. तिने आग्रह केला नाही.

रेक्टर सर मात्र चिडले. "आणि कुणी काही दाबलंच नाही तर? मी पुन्हा एखाद्या आईला फोन करायचा?"

या प्रश्नावर लातूरकडे उत्तर नव्हतं आणि तिने तसा आवही आणला नाही. मॅडम म्हणाल्या की मग आठवड्यातून दोन संध्याकाळी समुपदेशक बसवा. सरांनी व्यवस्थापनाला तसं पत्रही लिहिलं. ते पत्र अजून टेबलावरून टेबलावर फिरतंय.

जाता जाता सर दारात थांबले.

"एक सांग. माझं नाव कुणी भरलंय का? कोण ते नको सांगू. एकाने तरी?"

"सर, ते त्यांच्या फोनमध्येच असतं. मलाही दिसत नाही."

"अंदाज?"

ती काहीच बोलली नाही. तोच बहुधा अंदाज होता.

त्या आठवड्यात सर रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये येऊन बसू लागले. काकूंनी विचारलं, "काय सर, घरी भांडण झालं का?" दोन रात्री त्यांच्या टेबलावर कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या रात्री दुसरीकडे जागाच नव्हती म्हणून चिपळूण ताट घेऊन समोर येऊन बसला आणि वरण कसं पाणचट असतं, पोळ्या कशा वातड असतात आणि त्याचे वडापाव कसे बंद झाले याबद्दल दहा मिनिटं तक्रार करत राहिला. सरांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि मग विचारलं, "कसले वडापाव?"