वाढीव खोलीची किंमत

नवी मुंबईत बेलापूरच्या डोंगरपायथ्याशी आर्टिस्ट्स व्हिलेज नावाची वसाहत आहे. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी तिची रचना केली आणि १९८३ ते १९८६ या काळात ती उभी राहिली. प्रत्येक घराला स्वतःचा भूखंड, ४५ ते ७५ चौरस मीटरचा. सात घरे एका आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती आणि अशा तीन पुंजक्यांचे मिळून एक मोठे अंगण. पण त्या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट पाहुण्याच्या पटकन लक्षात येत नाही. दोन घरांमध्ये सामाईक भिंत ठेवलेली नाही. कुटुंब वाढणार, पैसा हळूहळू साठणार आणि कधीतरी मागे एक खोली किंवा वर एक मजला निघणार, हे कोरिया यांनी धरूनच ठेवले होते. तो निघताना शेजाऱ्याच्या भिंतीला हात लागू नये, एवढी सोय त्यांनी करून दिली. आज तिथे मूळची उतरत्या छपरांची बैठी घरे शोधावी लागतात. कोणी मजले चढवले, कोणी सगळे पाडून नवे बांधले. वास्तुरचनेचे अभ्यासक त्यावर हळहळतात. मला मात्र घर वाढवायची मुभा माणसाला मिळाली की तो ती वापरतोच, याचा पुरावा तिथे दिसतो.

आपल्याकडे घर एका दमात बांधून होत नाही. आधी दोन खोल्या, मग पत्र्याची पडवी, मुलाचे लग्न ठरले की वर खोली, आईला जिना चढवेना झाला की खाली न्हाणीघर. हीच आपल्या गावांची आणि निम्म्या शहरांची बांधकामाची रीत आहे. आपला कायदा मात्र घर एकदाच, पूर्ण आणि विकण्यासाठी बांधले जाते असे समजून लिहिलेला आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने बांधकामाला परवानगी सक्तीची केली. बाह्य स्वरूपात फारसा फरक पडणार नसेल अशी दुरुस्ती आणि डागडुजी तेवढी त्यातून सुटली. नवी खोली त्या सवलतीत बसत नाही. तिची वाट पन्नास सदनिकांची इमारत उभारणाऱ्याच्याच खिडकीतून जाते.

त्या खिडकीवर मिळणारे चलन एकदा सावकाश वाचून पाहावे. चाळीस वर्षांपूर्वी सोसायटीत भूखंड घेऊन घर बांधलेले, आता निवृत्त झालेले शिक्षक मुलासाठी वरचा मजला काढायला निघाले आहेत असे समजा. चलनाची सुरुवात छाननी शुल्काने होते. त्याबद्दल तक्रार नाही. नकाशा कोणीतरी तपासायचा तर त्या वेळेचे पैसे द्यायलाच हवेत. मग विकास शुल्क. सामासिक अंतर थोडे कमी भरत असेल तर त्याची सूट मिळवण्यासाठी अधिमूल्य, जादा चटई क्षेत्र वापरायचे तर त्याचे वेगळे अधिमूल्य. राडारोड्याचे पैसे, अनामत, खर्च माफीच्या मर्यादेपलीकडे गेला तर बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर. वास्तुविशारदाची आणि संरचना अभियंत्याची फी यात धरलेलीच नाही. प्रत्येक रकमेचे शीर्ष वेगळे आणि हिशेबाची रीत वेगळी. नकाशा दाखल करण्याआधी एकूण आकडा किती होईल, हे त्या शिक्षकांना छातीठोकपणे सांगणारे सहसा कोणी भेटत नाही. जो सांगतो तो मध्यस्थ असतो आणि त्याचा आकडा चलनापेक्षा मोठा असतो.

यातले विकास शुल्क नीट समजून घ्यायला हवे. १९९२ मध्ये नगररचना कायद्यात स्वतंत्र प्रकरण घालून ते आणले गेले. शहर वाढले की रस्ते, पाणी, गटारे लागतात आणि त्याचा भार ज्यांच्यामुळे पडतो त्यांनी काही वाटा उचलावा, हा त्यामागचा विचार योग्यच होता. सुरुवातीला ते चौरस मीटरमागे ठरावीक रुपये असे होते. पुढे ते रेडी रेकनरच्या दराशी बांधले गेले. इथे बिनसले. आजूबाजूला टोलेजंग इमारती झाल्या, मेट्रो आली, जमिनीचे भाव चढले. आमच्या शिक्षकांनी त्यातले काहीच विकलेले नाही. त्यांचे निवृत्तिवेतन आहे तेवढेच आहे. तरी त्यांच्या खोलीचे शुल्क शेजारच्या बिल्डरच्या भावाबरोबर चढत गेले. बिल्डर ते शुल्क गिऱ्हाइकाच्या दरात मिळवतो. शिक्षकांचे गिऱ्हाईक म्हणजे त्यांचा मुलगा.

आणि सवलत कोणाला मिळते तेही पाहा. ६ जानेवारी २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने बांधकाम प्रकल्पांच्या अधिमूल्यात त्या वर्षाअखेरपर्यंत पन्नास टक्के कपात केली. दीपक पारेख समितीच्या शिफारशींचा त्याला आधार होता आणि सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे अशी अट होती. टाळेबंदीने उद्योग अडचणीत आला होता, हे मान्य. पण त्याच टाळेबंदीत दोन खोल्यांत सहा माणसे कोंडून राहिली होती. तिसरी खोली काढणाऱ्यासाठी समिती बसवावी असे कोणाच्या मनात आले नाही.

कामगार उपकराचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९९६ च्या कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे बांधकाम दहा लाखांपर्यंतचे असेल तर ते वगळले होते. त्या काळी दहा लाखांत बरे घर उभे राहत असे. नंतर एक मजलाही होईना. मर्यादा मात्र तिथेच राहिली. ती पन्नास लाखांवर नेणारी सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने २०२० साली संमत केली. मधल्या काळात सूट कागदावर होती आणि माणसे तिच्यातून एकेक करून बाहेर पडत होती.

किती भरायचे ते ठाऊक नाही, कधी मिळेल ते ठाऊक नाही, अशी परवानगी समोर असली की लोक तिच्या वाटेला जात नाहीत. सलग सुट्ट्या बघून स्लॅब टाकतात. मग दुसरा हिशेब सुरू होतो. महापालिका कायद्यात २००८ साली आलेल्या २६७-क कलमाने अनधिकृत बांधकामावर दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावली. ती भरून बांधकाम अधिकृत होत नव्हते. पिंपरी-चिंचवडमध्ये अर्धा-एक गुंठा घेऊन घर बांधलेल्या कामगारांच्या दारात या शास्तीची बिले साठत गेली, निवडणुकांमागून निवडणुका त्यावर लढल्या गेल्या आणि अखेर २०२३ मध्ये मूळ कर भरण्याच्या अटीवर ती माफ झाली. गुंठेवारीचेही तसेच. २००१ च्या कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे नियमित करायची ठरली. २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आली. ज्याने वेळेवर रांगेत उभे राहून सगळे शुल्क भरले, त्याने या वीस वर्षांतून कोणता धडा घ्यायचा?

इंग्लंडकडे पाहावेसे वाटते, कारण आपली नगररचना तिथूनच आली. १९१५ चा मुंबईचा कायदा त्यांच्या १९०९ च्या कायद्याच्या पाठोपाठ झाला. तिथे एका घराच्या विस्ताराच्या अर्जाचे शुल्क देशभर एकच असे. डिसेंबर २०२३ मध्ये ते २०६ पौंडांवरून २५८ झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून ५२८, म्हणजे साधारण साठ हजार रुपये. एका उडीत दुप्पट, हे घरमालकांना झोंबणारच. पण अर्ज तपासायला येणारा खर्च जुन्या शुल्कातून निघत नाही, असे कारण सरकारने उघडपणे दिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पायाभूत सुविधांसाठीची तिथली वेगळी आकारणी स्वतःच्या राहत्या घराच्या विस्ताराला माफ आहे. तपासणीचे पैसे घ्यायचे, शहर घडवण्याचे पैसे मात्र राहण्यासाठी खोली काढणाऱ्याकडून घ्यायचे नाहीत, ही रेघ त्यांनी स्पष्ट आखली आहे. अपंग रहिवाशाच्या सोयीसाठी घरात बदल करायचा असेल तर अर्जाचे शुल्कही लागत नाही.

आपल्याकडे काहीच हलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे सोडून राज्यभर लागू झालेल्या एकात्मिक नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशे दाखल करून शुल्क भरले की काम सुरू करायची मोकळीक दिली. ३०० पर्यंत दहा दिवसांत परवानगी. हा चांगला निर्णय होता. पण त्याचा लाभ मंजूर रेखांकनातल्या, निर्वेध कागदांच्या भूखंडाला मिळतो. गावठाणातल्या वाटण्या न झालेल्या घराला किंवा गुंठेवारीतल्या घराला तो सहज मिळत नाही, आणि तिथेच खोल्या जास्त निघतात. शिवाय वेळ वाचला तरी चलनातली शीर्षे तशीच राहिली.

म्हणून मागणी साधी आहे. मालक स्वतः राहतो त्या घराच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या विस्ताराला विकास शुल्क आणि अधिमूल्य लावू नये. छाननीचे एकच शुल्क असावे आणि तो आकडा पालिकेच्या दारावर लिहिलेला असावा. पाच-सात वर्षांत घर विकले तर माफ केलेली रक्कम खरेदीखताच्या वेळी वसूल करावी. तेव्हा हातात पैसा आलेला असतो. पालिकेचे उत्पन्न बुडेल हा आक्षेप येईल. वाढलेल्या क्षेत्रावर दरवर्षी मालमत्ता कर मिळणारच आहे, आणि लपवलेल्या मजल्यावर तो मिळत नाही. मजबुतीची तपासणी मात्र एका इंचानेही सैल करू नये. चोरून टाकलेल्या स्लॅबची तपासणी कोणीच करत नाही, आणि खालच्या खोलीत त्याच घरातली माणसे झोपलेली असतात.