शिळ्या भाकरी आणि माझी सही

आजचा शास्त्रभाग : यहोशवा ९:३-२७
मननासाठी : यहोशवा ९:१४ आणि स्तोत्र १५:४



आजचा अध्याय मी रविवारच्या शाळेतल्या मुलांना कितीतरी वेळा शिकवलाय. मुलांना तो आवडतो, कारण त्यात नाटक आहे. गिबोनचे लोक राहतात जवळच, पण झिजलेले जोडे घालून, फाटके बुधले आणि बुरशी आलेल्या भाकरी घेऊन गिलगालच्या छावणीत येतात आणि म्हणतात, आम्ही फार लांबून आलोय, आमच्याशी करार करा. इस्राएलाचे पुढारी ती शिदोरी बघतात, खात्री पटते, शपथ देऊन मोकळे होतात. तीन दिवसांनी कळतं की हे तर शेजारीच! मुलं हसायची, मीही हसायचो. एवढे मोठे पुढारी, आणि भाकरी बघून फसले?

२०१९ च्या दिवाळीनंतर माझं हसणं थांबलं.

आमच्या मंडळीतला एक भाऊ संध्याकाळी घरी आला. त्याला कोंबड्यांची शेड टाकायची होती. पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज मिळत होतं, पण एक पगारदार जामीनदार हवा होता. मी शाळेत शिक्षक. तो म्हणाला, "सर, तुमच्याइतका विश्वासू माणूस मंडळीत दुसरा कोण आहे?" शेडचा नकाशा, पिल्लांचा भाव, खाद्याचा हिशोब, सगळं त्याने टेबलावर मांडलं. मी चष्मा लावून सगळं बघितलं. माझी बायको आत स्वयंपाक करत होती. दारातून दहा पावलं. मी तिला विचारलं नाही. प्रार्थनाही केली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जाऊन सही करून आलो. पगारातून कपात करायच्या संमतिपत्रावरही केली, न वाचता.

आज अगदी खरं सांगायचं तर ती सही मी प्रेमापोटी केली नव्हती. "तुमच्याइतका विश्वासू कोण" हे वाक्य माझ्या कानाला गोड लागलं होतं. त्या गोडीची किंमत पुढे तीन लाख बारा हजार रुपये झाली.

२०२० च्या फेब्रुवारीत कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि कोंबड्यांचे भाव कोसळले. लोकांनी पक्षी अक्षरशः फुकट वाटले. पाठोपाठ टाळेबंदी आली. त्या भावाचे हप्ते थांबले. मग कळलं की त्याच्यावर दुसरीकडचं एक जुनं कर्जही होतं, ते त्याने मला सांगितलं नव्हतं. म्हणजे माझ्याही टेबलावर एक शिळी भाकरी होतीच. दुसरा जामीनदार त्याचा चुलतभाऊ, त्याची नोकरी टाळेबंदीत गेली. २०२१ मध्ये नोटीस माझ्या नावावर आली.

तेव्हा मी पहिल्यांदा ते कागद नीट वाचले. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ : करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, 'जमलं तर' अशी नाही, तेवढीच. सहकारी संस्थेला कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेता येतो, तेही तेव्हाच कळलं. पतसंस्थेचं काही चुकलं नव्हतं. कागदावर सगळं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती.

प्रियांनो, शास्त्रानेही मला आधीच सावध केलं होतं. नीतिसूत्रे ६ च्या सुरुवातीला, ११:१५ मध्ये, २२:२६-२७ मध्ये दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याबद्दल इतक्या स्पष्ट सूचना आहेत की अंगाखालचं अंथरूणही जाईल असं तिथे म्हटलंय. मी ते वर्गात शिकवलं होतं. पाठ असणं वेगळं आणि पाळणं वेगळं.

एका ओळखीच्या माणसाने वाट सुचवली. "सर, सही माझी नाहीच म्हणा. नाहीतर घर बायकोच्या नावावर करा. बघू कोण वसूल करतंय." मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. दोन रात्री मी त्याच विचारात होतो. शेवटी मी तर फसलो होतो ना! फसवून घेतलेला शब्द पाळायचा कशाला?

तिसऱ्या दिवशी यहोशवाचा नववा अध्याय पुन्हा उघडला. या वेळी भाकरींवर लक्ष गेलं नाही, अठराव्या वचनावर थांबलो. फसवणूक उघड झाल्यावर सगळी मंडळी पुढाऱ्यांवर कुरकुर करते, तरी पुढारी शपथ मोडत नाहीत. कारण शपथ परमेश्वराच्या नावाने दिली होती. गिबोनी खोटं बोलले, म्हणून इस्राएलाला खोटं बोलायची परवानगी मिळत नाही. स्तोत्र १५ मध्ये दावीद विचारतो, परमेश्वराच्या मंडपात कोण राहील? त्याच्या उत्तरात असा माणूस आहे, जो शपथ घेतो आणि स्वतःचं नुकसान झालं तरी फिरत नाही. पुढे शौल राजाने हीच शपथ मोडून गिबोन्यांना मारलं, तेव्हा दावीदाच्या काळात देशावर तीन वर्षांचा दुष्काळ आला (२ शमुवेल २१:१). इतक्या पिढ्यांनंतरही देवाला तो करार आठवत होता.

मी पैसे भरले. दोन लाखांची मुदत ठेव मोडली आणि उरलेले एक लाख बारा हजार पगारातून, महिन्याला आठ हजार, असे चौदा महिने.

इथपर्यंतची गोष्ट मी एकदा घरगुती प्रार्थनासभेत साक्ष म्हणून सांगितली. शेवटी म्हणालो, "देवाने मला यातून फार मोठा धडा शिकवला. हालेलुया!" सगळे म्हणाले, "आमेन." मला बरं वाटलं. घरी आल्यावर बायकोने चहा टाकला आणि पाठमोरीच राहून म्हणाली, "अहो, धडा तुम्ही शिकलात. फी कुणी भरली?"

मी गप्प बसलो. ती दोन लाखांची ठेव आम्हां दोघांच्या नावावर होती, पण त्यातला पैसा जवळजवळ सगळा तिचा होता. वीस वर्षांची शिवणकामाची कमाई आणि भिशी. तो पैसा मुलीच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी होता. त्या वर्षी मुलगी बारावी झाली आणि वर्षभर घरी बसली. मग पुढच्या वर्षी कमी फी असलेल्या जीएनएमला गेली. तिने कधी तक्रार केली नाही. एकदा फक्त म्हणाली होती, "पप्पा, माझ्या मैत्रिणी दुसऱ्या वर्षाला गेल्या."

त्या साक्षीत मी हे काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं टाळलं असंही नाही, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि आजच्या मननातला खरा प्रश्न हाच आहे. आपल्या चुकीतून आपल्याला आत्मिक धडा मिळतो, पण तिची किंमत दुसऱ्याने भरलेली असते. मग "देवाने मला शिकवलं" एवढं म्हणून आपण सुटतो का?

आपण विश्वासणारे रोम ८:२८ फार लवकर उघडतो. देव सगळ्या गोष्टी मिळून कल्याणासाठी कार्य करवतो, हे खरंच आहे. पण त्याचा अर्थ चूक बरोबर होती असा होत नाही. गिबोनचंच बघा. ज्या गावाबरोबर न विचारता करार झाला, त्याच गिबोनात पुढे दर्शनमंडप होता (२ इतिहास १:३). तिथेच शलमोनाने स्वप्नात संपत्ती नाही तर शहाणपण मागितलं (१ राजे ३). बंदिवासानंतर यरुशलेमचा कोट बांधताना गिबोनची माणसं हातभार लावताना दिसतात (नहेम्या ३:७). देवाने चुकीच्या जागी इतकं चांगलं उभं केलं! तरी चौदावं वचन पवित्र शास्त्रातून खोडलं गेलं नाही. त्यांनी परमेश्वराला विचारलं नाही, हे आजही तिथे तसंच लिहिलेलं आहे. देवाची कृपा आपली चूक लपवत नाही. ती आपल्याला त्या चुकीची जबाबदारी उचलायचं बळ देते.

दहाव्या अध्यायात पाच राजे गिबोनवर चाल करून येतात, तेव्हा यहोशवाला सुटायची चांगली संधी होती. मरू दे परस्पर. पण तो रात्रभर गिलगालहून चढ चढत त्यांच्या मदतीला जातो. शब्द पाळायचा तर त्याची किंमत आपल्या पायांनी मोजावी लागते.

मग मी जामिनाबद्दल शास्त्रात आणखी शोधलं. उत्पत्ति ४३:९ मध्ये यहूदा बन्यामीनासाठी बापाजवळ जामीन राहतो. पुढच्या अध्यायात वेळ येते तेव्हा म्हणतो, मुलाला जाऊ द्या, त्याच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा. फिलेमोनाच्या पत्रात पौल म्हणतो, याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. म्हणजे शास्त्र जामिनाच्या विरुद्ध आहे असं नाही. यहूदाने स्वतःला देऊ केलं, पौलाने स्वतःचं नाव दिलं. मी मात्र मोठेपणा घेतला आणि बायकोची ठेव दिली. इब्री ७:२२ मध्ये येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. हे वचन मी आता रिकाम्या मनाने वाचू शकत नाही. आपलं किती देणं आहे ते त्याला सगळं माहीत होतं, कुठलीही भाकरी बघून तो फसला नव्हता. आणि भरताना त्याने दुसऱ्या कुणाच्या खिशात हात घातला नाही.

गणना ५:६-७ मध्ये देव सांगतो की ज्याने अपराध केला त्याने तो कबूल करावा, नुकसान पूर्ण भरून द्यावं आणि वर पाचवा हिस्सा घालून ज्याचं नुकसान झालं त्यालाच द्यावं. जक्कयाने तर चौपट म्हटलं (लूक १९:८). मी बायकोसमोर बसून माफी मागितली. तशी याआधीही मागितली होती, पण या वेळी हिशोबाची वही घेऊन बसलो. दोन लाख, अधिक पाचवा हिस्सा चाळीस हजार. संध्याकाळच्या शिकवण्यांचे महिना तीन हजार तिच्या स्वतंत्र पासबुकात. ऐंशी महिने लागतात. ती हसली. म्हणाली, "तोवर तुम्ही रिटायर व्हाल." म्हटलं, शिकवण्या रिटायर होत नाहीत. ते पासबुक तिच्याच कपाटात आहे आणि काढायचं की नाही ते तीच ठरवते.

मुलीच्या वर्षाचं मात्र मला अजून उत्तर सापडलेलं नाही. त्या वर्षावर पाचवा हिस्सा कुठून आणू? तिची मी माफी मागितली. तिने जवळ घेतलं. तरी ते वर्ष मी देवाजवळ रोज घेऊन जातो. काही गोष्टी आपण भरून देऊ शकत नाही. तिथेच आपल्याला समजतं की जामीन आपल्यालाही हवा होता.

आता त्या भावाबद्दल. तो आमच्यापासून तोंड लपवत होता, उपासनेला यायचा बंद झाला होता. मत्तय १८ मधला दाखला मला टोचत होता. त्या चाकराचं येणं शंभर दीनार होतं, म्हणजे मजुराची शंभर दिवसांची मजुरी. येशूने ती रक्कम क्षुल्लक दाखवली नाही, पण दहा हजार तालांतांपुढे ठेवली. माझ्या मनात आलं, जाऊन सांगून टाकावं, "सोडले सगळे पैसे." किती छान साक्ष झाली असती! आणि मी थबकलो. पुन्हा तेच करत होतो मी. दुसऱ्याच्या पैशावर मोठेपणा. राग सोडायचा अधिकार माझा होता, पण ते पैसे एकट्या माझे नव्हते.

या वेळी मी दहा पावलं चाललो. स्वयंपाकघरात जाऊन बायकोला विचारलं. आम्ही दोघांनी प्रार्थना केली. मग ती म्हणाली, "व्याज सोडा. मुद्दल जमेल तसं देऊ दे. पण आधी त्याला मंडळीत यायला सांगा." मी त्याच्या घरी जाऊन हेच शब्द सांगितले. तो रडला. गेल्या नाताळात तो उपासनेला आला, सगळ्यात मागच्या बाकावर बसला. कधी पाचशे, कधी हजार देतो. बायको वहीत लिहून ठेवते.

आजच्या दिवसासाठी : तुमच्या एखाद्या चुकीची साक्ष तुम्ही आनंदाने देत असाल, तर आज शांतपणे आठवा, त्या धड्याची फी कुणी भरली? त्या माणसाकडे आज जाता येईल का? आणि आज कुठे शब्द द्यायचा असेल, सही करायची असेल, तर आधी देवाला आणि घरच्यांना विचारा.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, मी न विचारता दिलेल्या शब्दांची मला क्षमा कर. दिलेला शब्द नुकसान सोसूनही पाळायला मला बळ दे. माझ्या चुकीची किंमत ज्यांनी भरली त्यांची नावं मला विसरू देऊ नको. जे मी भरून देऊ शकतो ते द्यायला मला हात दे, आणि जे देऊ शकत नाही ते तुझ्या पुत्राच्या, आमच्या जामिनाच्या, चरणी ठेवतो. येशूच्या नावाने मागतो, आमेन.