खोटी समाधि आणि खरे अश्रु

मनुष्यानें एखादी कथा ऐकून डोळे पुसावे, आणि मागाहून ती कधीं घडलीच नव्हती असें त्यास कळावें, तर त्याचे ते अश्रु वाया गेले असें म्हणावयाचें काय? प्रश्न दिसावयास पोरकट आहे; पण वेल्समधील एका लहानशा खेड्यांत तो आमच्यापुढें असा कांहीं उभा राहिला कीं, तेथून परतल्यावरही त्यानें आमची पाठ सोडली नाहीं.

या खेड्याचें नांव बेदगेलर्ट. वेल्सच्या वायव्य भागांत, एरिरीच्या डोंगरांच्या कुशींत, ग्लासलिन आणि कोलविन या दोन नद्यांच्या संगमावर तें वसलें आहे. काळपट दगडाचीं घरें, त्यांवर पाटीच्या दगडाचीं छपरें, मध्यें दगडी पूल, आणि चोहोंकडे ओल्या हिरवळीवर चरणारीं मेंढरें. गांवाच्या ईशान्येस दिनास एम्रिस नांवाची टेकडी आहे. तिच्या पोटांत एक तांबडा व एक पांढरा असे दोन पंखधारी सर्प झुंजले व तांबडा विजयी झाला, अशी आख्यायिका आहे. उत्तरेस 1085 मीटर उंचीचें स्नोडन शिखर आहे. तेथील लोक आपल्या भाषेंत त्यास 'अर विद्वा' म्हणतात. त्याचा अर्थ थडग्यावरील ढिगारा. कारण त्याखालीं एक राक्षस पुरला आहे अशी समजूत. ज्या मुलखांत पर्वतासही थडगें मानतात, तेथें गांवाच्या नांवांतही थडगें असावें यांत नवल नाहीं. 'बेद' म्हणजे थडगें. बेदगेलर्ट म्हणजे गेलर्टचें थडगें.

हा गेलर्ट कोण, हें पाहावयास नदीकांठच्या पायवाटेनें थोडें दक्षिणेस जावें लागतें. सपाट कुरणांत एका झाडाखालीं लोखंडी कठड्यांत कांहीं दगड आहेत, आणि पाटीच्या शिळांवर वेल्श व इंग्रजी अशा दोन भाषांत एक कथा कोरलेली आहे. तेराव्या शतकांतील ग्विनेडचा थोर राजा लुएलिन एके दिवशीं शिकारीहून परतला. त्याचा लाडका कुत्रा गेलर्ट शेपटी हालवीत सामोरा आला. पण त्याचें तोंड रक्तानें माखलें होतें. आंत पाळणा उलथला होता आणि मूल दिसत नव्हतें. राजानें तत्काळ तलवार कुत्र्याच्या शरीरांत खुपसली. त्याच्या शेवटच्या किंकाळीस पाळण्याखालून मुलाच्या रडण्यानें उत्तर दिलें. मूल सुखरूप होतें. शेजारीं एक प्रचंड लांडगा मरून पडला होता. राजा पुन्हां कधीं हंसला नाहीं, असें म्हणतात.

आमच्या वाचकांनीं एव्हांना ओळखलें असेल. हें तर आपल्या ब्राह्मणाचें मुंगूस! पाळण्याजवळ आलेल्या सापास मारून रक्ताळलेल्या तोंडानें तें दाराशीं येतें, आणि कोठें ब्राह्मणाच्या, कोठें ब्राह्मणीच्या हातून मारलें जातें. पंचतंत्राच्या ज्या पांचव्या तंत्रांत ही कथा आहे, त्याचें नांवच 'अपरीक्षितकारक', म्हणजे पारख न करितां कृत्य करणारा, असें आहे. सहाव्या शतकांत इराणच्या खुस्रो अनुशिरवानाच्या कारकीर्दींत हा ग्रंथ पहलवी भाषेंत गेला. आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फानें त्यास 'कलीला व दिम्ना' या नांवानें अरबी रूप दिलें, आणि तेथून तो युरोपांत पोहोंचला. 'सात शहाणे' या नांवाच्या दुसऱ्या एका कथामालेंतूनही ही गोष्ट पश्चिमेकडे गेली, आणि त्या मालेचें वेल्श रूप चौदाव्या शतकांतील हस्तलिखितांत मिळतें. प्रवासांत मुंगुसाचा कुत्रा झाला, पुढें सापाचा लांडगा झाला, ब्राह्मणाचा राजा झाला. पश्चात्ताप मात्र तोच राहिला. जोसेफ जेकब्ज या संग्राहकानें 1892 सालीं आपल्या केल्टिक परीकथांच्या पुस्तकांत हें नातें विस्तारानें दाखविलें आहे.

मग तो कठडा आणि ते दगड? अठराव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड प्रिचर्ड नांवाचा गृहस्थ दक्षिण वेल्समधून येथें आला आणि गांवच्या 'रॉयल गोट' या उतारशाळेचा चालक झाला. त्यानें ही भटकी कथा गांवाच्या नांवास चिकटविली, लोकांच्या मदतीनें दगड रचिले, आणि प्रवाशांस थडगें दाखवूं लागला. 1800 सालीं विल्यम स्पेन्सर या कवीनें त्यावर काव्य रचिलें आणि कुत्र्याची कीर्ति इंग्लंडभर झाली. विद्वानांच्या मतें गांवाचें नांव बहुधा केलर्ट नांवाच्या प्राचीन साधुपुरुषावरून पडलें असावें. कुत्र्याचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

आम्ही तेथें उभे असतां एक बाई आपल्या सहासात वर्षांच्या मुलास शिळेवरील मजकूर वाचून दाखवीत होती. शेवट ऐकून मुलाचे डोळे भरून आले. त्यानें विचारिलें, "हें खरेंच झालें होतें?" बाईनें क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "हो." तिला खरें ठाऊक होतें कीं नाहीं, कोण जाणे. आम्हांस ठाऊक होतें आणि आम्ही गप्प राहिलों. आमचें हें मौन योग्य होतें काय?

त्या बाईचा पक्ष दुबळा नाहीं. उतावळेपणानें कृत्य करूं नये हें शिक्षण शंभर व्याख्यानांनीं होणार नाहीं, तें या दगडांनीं झालें. मग दगडाखालीं हाडें आहेत कीं नाहींत, याची उठाठेव कशास? शिवाय कथेंतील राजाचें पाहा. त्यानें जें पाहिलें तें सर्व खरें होतें: रक्त खरें, उलथलेला पाळणा खरा, दृष्टिआड झालेलें मूल खरें. खऱ्या पुराव्यावरून त्यानें खोटा निष्कर्ष काढिला. उलट या थडग्याचा सर्व पुरावा खोटा, आणि निष्कर्ष मात्र खरा! वस्तुस्थितीचें सत्य जर मनुष्यास खून करण्यापासून वांचवूं शकत नाहीं, तर त्याचें एवढें स्तोम कशासाठीं?

युक्तिवाद मोहक आहे, पण आम्हांस तो पटत नाहीं. पहिलें कारण हें कीं, असत्याची किंमत कोणी तरी भरीतच असतो. येथें ती केलर्टनें भरिली. गांव ज्याच्या नांवावर उभें आहे असें वाटतें, त्याच्यासाठीं कोणी डोळे पुशीत नाहीं. त्याची जागा एका न झालेल्या कुत्र्यानें घेतली. दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. ही कथा सांगते काय? परीक्षा केल्यावांचून विश्वास ठेवूं नकोस, समोर दिसतें तेवढ्यावर धांवूं नकोस. जो वाचक हें वाचून त्या दगडांची विचारपूस न करितां निघून जातो, त्यानें कथा ऐकिली; पण तिची आज्ञा मोडिली. परीक्षेचा धडा देणाऱ्या समाधीचीच परीक्षा करूं नये म्हणणें, हा त्या धड्याचा अपमान आहे.

तर मग दगड उखडून टाकावे काय? फ्रान्समध्यें लियों शहराच्या परिसरांत गिनफोर या नांवाच्या कुत्र्याची हीच कथा होती. बाया आजारी मुलें घेऊन त्याच्या थडग्याशीं जात. तेराव्या शतकांत एतिएन द बूरबों या धर्मोपदेशकानें तीं हाडें उकरून जाळविलीं. तरी ती भक्ति शतकानुशतकें टिकली. रायगडावर 1936 सालीं उभारलेल्या वाघ्याच्या स्मारकावरून आपल्याकडेही असाच कलह आहे. 2012 सालीं तें हलविण्यांत आलें आणि पुन्हां बसविण्यांत आलें. घणानें दगड हलतो, मन हलत नाहीं. दगड राहूं द्यावा, आणि तो कोणीं व कां उभा केला हेंही सांगावें, एवढेंच आम्हांस सुचतें. इतकें कळल्यावरही जे अश्रु उरतील, ते मात्र आपले.

आमचे उरले, आणि त्याचें कारण ना लुएलिन ना गेलर्ट. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या घरीं वरकामास एक मुलगा होता. दिवाळीच्या सुमारास चांदीची एक वाटी नाहींशी झाली. त्या दिवशीं माजघरांत तो एकटाच होता, हें खरें. विचारतांच तो अडखळला, हेंही खरें. आम्हीं त्यास चोर म्हटलें नाहीं. महिन्याचा पगार हातावर ठेविला आणि उद्यांपासून येऊं नकोस म्हणून सांगितलें. आपण किती सभ्यपणें वागलों याचें आम्हांस समाधानही वाटलें. दोन महिन्यांनीं पिठाचा डबा रिकामा केला तेव्हां वाटी तळाशीं सांपडली. तोंवर तो गांव सोडून गेला होता. त्याचा पत्ता आम्हीं विचारिला. पण जितका विचारावयास हवा होता, तितका नाहीं.

त्या मुलाचें थडगें नाहीं, शिळा नाहीं, त्यावर कोणी काव्य केलें नाहीं. बेदगेलर्टच्या कुरणांत खोट्या दगडांपुढें उभे असतां आम्हांस त्याचें अडखळणें ऐकूं आलें. तो चोर म्हणून अडखळला नव्हता. आपल्यावर संशय आहे हें कळून अडखळला होता. एवढा साधा अर्थ लावावयास आम्हांस इतकीं वर्षें लागलीं, आणि एका उतारशाळेच्या चालकाची लबाडी कामीं आली, ही आमची नामुष्की होय.

त्या चालकाचे आम्ही ऋणी आहों. तरी त्याचें थडगें आम्ही खरें म्हणणार नाहीं. आणि पुन्हां तो लहान मुलगा भेटलाच, तर त्यास सांगूं: "बाळ, येथें कुत्रा पुरलेला नाहीं. पण न विचारतां कोणास दोषी ठरविण्याची चूक रोज कोठें ना कोठें घडते. ती आमच्याही घरीं घडली आहे."