विकणाऱ्याचे मौन

आपल्या मंडळ्यांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते : “ते आपलेच आहेत, त्यांच्या गाडीखाली वाकून काय बघायचे?” एक सभासद आपली जुनी जीप विकायला काढतो, दुसरा घ्यायला तयार होतो. दोघे रविवारी एकाच छपराखाली उपासनेला बसणारे. अशा वेळी मिस्त्रीला बरोबर नेणे म्हणजे बांधवाच्या शब्दावर संशय घेणे, असे घेणाऱ्याला वाटते. विकणाराही मनाशी म्हणतो, ‘त्याने विचारले नाही, आपण सांगितले नाही, खोटे तर बोललो नाही ना?’ या दोन समजुतींपैकी पहिलीचा निकाल लवकर लागतो. दुसरी मात्र वाटते तितकी सोपी नाही, आणि मुख्यतः तिच्याकरिताच हा लेख आहे.

प्रथम गाडीविषयी. बेळगावहून जांबोटी-कणकुंबीकडे, किंवा पलीकडे चंदगड तालुक्यातल्या वाड्यांकडे जाणाऱ्यांना सांगायला नको की, पावसाळ्यात तिकडे जीप ही चैनीची वस्तू नसते. दुधाचे कॅन, शाळेची मुले, बाळंतपणाला न्यायची बाई, प्रभुभोजनाच्या विधीसाठी जाणारे पाळकसाहेब, सारे तिच्यातूनच जातात. नवी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांची. म्हणून दहा-बारा वर्षे वापरलेली बोलेरो, एखादी जुनी महिंद्रा जीप, क्वचित जिप्सी, अशा गाड्या हातोहात फिरतात. कच्च्या रस्त्यावर राबलेली गाडी शहरातल्या गाडीपेक्षा निराळ्या ठिकाणी झिजते, आणि ती ठिकाणे बहुधा डोळ्यांच्या उंचीवर नसतात.

रंग नवा, आसनांची कव्हरे नवी. पण खरी जीप खाली असते. चेसिसचे दोन लांब दांडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहावे लागतात. कुठे वेल्डिंगचा जोड आहे काय, पाटे जिथे चेसिसला अडकवलेले असतात तिथे तडा आहे काय? साऱ्या खालच्या भागाला ताजा काळा रंग फासला असेल, तर तो गंज येऊ नये म्हणून दिला की आलेला गंज दिसू नये म्हणून, हे विचारायला हवे. पत्र्यावर लोहचुंबक फिरवले की जिथे लांबी भरलेली आहे तिथे ते नीट धरत नाही. एखादा पाटा तुटल्यामुळे गाडी एका अंगाला कलली असेल, तर ते वीस पावलांवरूनही दिसते.

इंजिन थंड असतानाच चालू करून घ्यावे. आपण पोहोचण्याआधी मालकाने ते तापवून ठेवले असेल तर बोनेटवर हात ठेवताच कळते. निळा धूर म्हणजे इंजिनचे तेल जळते आहे. काळा म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी. इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण काढले आणि धुराचे झोत बाहेर पडू लागले, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. गिअरबॉक्समधले तेल दुधी दिसले तर त्यात पाणी गेले आहे. आपल्या भागात ते बहुतेक ओढा ओलांडताना जाते. चारही चाकांना ओढ देणारा गिअर असलेल्या जीपमध्ये तो टाकून पाहावा, पण मऊ मातीवर. कोरड्या डांबरावर वळण घेताना तो टाकला तर जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये यंत्रणेवर फुकट ताण येतो. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो. म्हणून ब्रेक-क्लचच्या पॅडलच्या रबराची झीज काट्याशी जुळते काय, हेही बघावे. आणि ब्रेक उतारावर बघावे, गॅरेजच्या अंगणात नव्हे.

कागदांचे थोडक्यात सांगतो. चेसिसवर ठोकलेला क्रमांक आरसीतील क्रमांकाशी जुळावा. बँकेच्या कर्जाची नोंद उरलेली नसावी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट येते. एमएच पाटीची गाडी कर्नाटकात १२ महिन्यांहून अधिक ठेवायची तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि इथला रस्ताकर, हे सारे आले. स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली गाडी इथेच महाग पडते.

इतकी तपासणी बांधवाच्या गाडीची करावी काय? यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात संदेष्टा अनाथोथ येथील शेत विकत घेतो. विकणारा हनामेल त्याचा सख्खा चुलतभाऊ. तरीही १७ शेकेल रुपे तराजूत तोलले गेले, साक्षीदार बसले, खताची एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी अशी ठेवली गेली. यात कोणी कोणाचा अपमान केला, असे वाचताना आपल्या मनातही येत नाही. उलट लूकच्या १४ व्या अध्यायातला मनुष्य पाहा. तो बैलांच्या पाच जोड्या आधी विकत घेतो आणि मग पारखायला निघतो. त्याची सबब पोकळ होती असे आपण संडे स्कूलमध्ये शिकवतो, ते योग्यच. पण कुठल्याही शेतकऱ्याचा मुलगा विचारील की आधी पैसे आणि मग पारख, ही कुठली रीत? मिस्त्रीला नेणे हा अविश्वास नव्हे. पुढे मनात संशय साचू नये म्हणून केलेली ती सोय आहे.

आता मौनाकडे वळू. आपल्या देशाचा १८७२ चा करार कायदा याविषयी काय म्हणतो, ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि समजुतीसाठी घोड्याची उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. दुसरे उदाहरण असे की, घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा चांगला आहे असे मी समजेन,’ आणि विकणारा गप्प राहतो. इथे ते मौन बोलण्याइतकेच ठरते. आणि या दोहोंच्या मध्ये एक उदाहरण आहे, ज्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. घोडा तोच, दोषही तोच. पण घेणारी विकणाऱ्याची स्वतःची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. तिथे मात्र नात्यामुळेच, तिने विचारले नाही तरी, दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य होते.

म्हणजे व्यवहारी कायद्यालाही हे मान्य आहे की, मौन निर्दोष आहे की नाही, हे घोड्यावर नव्हे, तर समोर कोण उभे आहे यावर ठरते. परक्याला न सांगितले तर चालते, लेकीला न सांगून चालत नाही. मग ख्रिस्ती मनुष्यापुढे प्रश्न उरतो तो एकच : माझी जीप घ्यायला आलेला हा मनुष्य लिलावातला परका की घरचा? ‘माझा शेजारी कोण?’ असे शास्त्र्याने प्रभूला विचारले, तेव्हा त्यालाही बहुधा हीच रेषा कुठे ओढावी ते हवे होते. त्याला रेषा मिळाली नाही. वाटेवर पडलेला एक जखमी मनुष्य मिळाला.

हा वाद ख्रिस्ती लोकांनीच काढला असे नाही. ख्रिस्तापूर्वी ४४ साली रोमन वक्ता सिसेरो याने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन ऱ्होड्स बेटावर येतो. तिथे दुष्काळ आहे. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला एकट्यालाच माहीत आहे. त्याने ते सांगावे काय? बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगायला लावील तेवढेच सांगावे. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळे सांगावे, कारण माणसे एकमेकांच्या हितासाठी जन्मलेली आहेत. सिसेरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. ज्यांना मोशे आणि संदेष्टे मिळाले नव्हते ते इथवर पोहोचले होते!

तरी आम्ही असे म्हणत नाही की, विकणाऱ्याने प्रत्येक ओरखड्याची यादी वाचून दाखवावी. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस रोमी परंपरेचे असले तरी या बाबतीत त्यांचे म्हणणे आपणही ऐकावे. घोड्याला एकच डोळा आहे हे ज्याला त्याला दिसते. किंमत त्या मानाने कमी केली असेल तर ते ओरडून सांगण्याची गरज नाही. पण दोष झाकलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याला नुकसान किंवा धोका असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. फाटलेले हूड हा एकाक्ष घोडा. रंगाखाली दडलेला चेसिसचा तडा तसा नव्हे.

इथे एक पळवाट नेहमी काढली जाते. ‘आम्ही सांगितले नाही खरे, पण दहा हजार कमी घेतले.’ झिजलेल्या क्लचच्या बाबतीत हे चालेल, असे आम्हाला वाटते. क्लच आज ना उद्या बदलावाच लागतो आणि त्याचा खर्च मोजता येतो. पण ब्रेक, स्टिअरिंग आणि चेसिस यांना तो हिशेब लावता येत नाही. पावसात चोर्ला घाट उतरताना ब्रेक लागले नाहीत, तर त्या दोषाची किंमत मागच्या बाकावर बसलेली म्हातारी देते. तिला कोणी दहा हजारांची सूट दिलेली नाही. सौद्याच्या वेळी ती तिथे नव्हतीच. दोन माणसांतला व्यवहार म्हणून आपण ज्याकडे बघतो, त्यात असे न बोलावलेले आठ-दहा जण बसलेले असतात, आणि विकणाऱ्याचे मौन त्या सर्वांशी असते. ‘जशी आहे तशी, बघून घ्या’ असे म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे, पण केव्हा? जेव्हा म्हणणारा स्वतः टॉर्च घेऊन खाली वाकतो आणि तडा कुठे आहे तिथे उजेड पाडतो तेव्हा.

खरे सांगितल्याने पैसे कमी येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलीच्या फीसाठी जीप विकणाऱ्याला ते पैसे मोठे असतात, आणि त्याला नुसता उपदेश करणे सोपे आहे. म्हणून घेणाऱ्याच्याही बाजूला एक गोष्ट येते. विकणाऱ्याने आपण होऊन तडा दाखवला, तर त्याच सत्याची काठी करून त्याला आणखी खाली दाबू नये. नीतिसूत्रे २०:१४ मधला गिऱ्हाईक मालाला नावे ठेवत सौदा करतो आणि घरी जाताना बढाई मारतो. तो आपल्या परिचयाचा आहे. दुरुस्तीचा खर्च दोघांनी मिस्त्रीसमोर काढावा, तेवढाच वजा करावा.

आणि कधी कधी जाणणारा घेणाराच असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विलीस जीप आजही एखाद्या गोठ्यात ताडपत्रीखाली सापडते. हौशी संग्राहक अशा गाड्यांना चांगली किंमत देतात. समजा, घरची विधवा ती भंगाराच्या भावाने द्यायला निघाली आहे, आणि जीप कोणती आहे ते फक्त घेणाऱ्याला कळले आहे. करार कायदा इथेही कदाचित गप्प बसू देईल. संडे स्कूलच्या शिक्षकांना हे लगेच ओळखीचे वाटेल, कारण मत्तयच्या १३ व्या अध्यायातील शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला शिकवताना एखादा चलाख मुलगा हमखास विचारतो, “पण सर, त्याने शेताच्या मालकाला सांगायला नको होते का?” दाखला देवाच्या राज्याच्या मोलाविषयी आहे, जमिनीच्या व्यवहाराविषयी नाही, हे उत्तर खरे आहे, मुलगा मात्र त्याने गप्प बसत नाही. त्याला त्या विधवेच्या जीपविषयी विचारावे, आणि तो काय म्हणतो ते वर्गाला ऐकू द्यावे.